चालेल

पिंजरा धुवायला म्हणून त्याने गॅलरीत आणला, शेठला उचलून भुसा घातलेल्या बादलीत ठेवलं, आणि ब्रश हातात घेऊन सहज डोकावला तर बादलीत शेठ नव्हता. म्हणजे हॅमस्टर होता. गुबगुबीत, गालांत काहीतरी कोंबलेला, पुढचे दोन पाय छातीशी धरून वर बघणारा. मुलीने त्याचं नाव शेठ ठेवलं होतं, कारण मिळेल ते गालांत भरायचं आणि कोपऱ्यात नेऊन दडवायचं, एवढा एकच धंदा तो करायचा. हाही तोच धंदा करत होता. पण हा शेठ नव्हता. सकाळचं ऊन सरळ बादलीत पडलं होतं आणि त्या उन्हात त्याच्या पाठीवरच्या केसांना लालसर झाक होती. अगदी थोडी, चहात बुडवलेल्या बिस्किटाला येते तेवढी. शेठचा रंग कोरड्या बिस्किटाचा होता, आणि खाली, केसांच्या मुळाशी, राखेकडे झुकणारा. कामावर करायचा तसं त्याने केलं. मान वळवून समोरच्या इमारतीच्या करड्या भिंतीकडे थोडा वेळ बघत राहिला, डोळ्यांतला रंग निवू दिला, आणि परत खाली बघितलं. लाली होती तिथेच होती. ब्रशचं पाणी त्याच्या पायावर टपकत होतं ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं. त्याला दिसलं, कारण आयुष्यभर त्याने दुसरं काही केलेलंच नव्हतं. कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो शेड बघायचा. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि मशीनमधून निघालेल्या ताग्याचा तुकडा शेजारीशेजारी ठेवायचे, पेटीतला दिवा लावायचा, बघायचं आणि एक शब्द सांगायचा. पेटीत तीन दिवे होते: एक उन्हासारखा, एक दुकानातल्यासारखा पांढरा आणि एक घरातल्यासारखा पिवळा. तीन अशासाठी की रंग लबाड असतात. पिवळ्या दिव्याखाली सख्खी भावंडं वाटणारी दोन कापडं उन्हात नेली की एकमेकांना ओळखही देत नाहीत. त्याला हे काम शिकवणारा मास्तर अंगाने किडकिडीत आणि जिभेने तिखट होता. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाला होता, “शब्द तीनच. जुळतं, चालेल आणि परत. चौथा शब्द तोंडातून काढलास तर डबा उचलायचा आणि घरी जायचं.” त्याने विचारलं होतं, चालेल म्हणजे नक्की काय? मास्तर नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला होता, “चालेल म्हणजे जुळत नाही. पण बाकीच्यांना कळणार नाही.” मास्तर जाऊन आता किती वर्षं झाली. शेवटी शेवटी त्याला मोतीबिंदू झाला होता आणि तो कापड हातात घेऊन नुसतं चुरगाळत बसायचा. तेव्हाही कुणी तुकडा पुढे केला की म्हणायचा, “दिवा कुठला लावलाय ते आधी सांग.”

दिवा. तोच तर घोळ होता. पिंजरा असायचा घराच्या दाराजवळच्या बोळात, चपलांच्या कपाटावर, पिवळ्या बल्बच्या खाली. चाकाच्या घरघरीने अभ्यास होत नाही म्हणून मुलीने तो तिथे हलवला होता आणि मग तिथेच राहिला. कामावरून आला की चपला काढता काढता तो शेठला सूर्यफुलाची एक बी द्यायचा. घरात हे कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत असलं तरी त्यावर कुणी बोलत नसे. बी देताना तो काहीतरी बोलायचा. मोठं काही नाही. आज एक तागा तीनदा परत पाठवला, साहेबाचं तोंड असं एवढंसं झालं, तुला काय रे, तू बसून खातोस. शेठ बी गालात टाकायचा आणि ऐकल्यासारखं करायचा. लोकांसमोर मात्र तो त्याला उंदीर म्हणायचा. “आमच्याकडे उंदीर पाळलाय,” असं सांगून तो पाहुण्यांना हसवायचा. खालचा वॉचमन एकदा म्हणाला होता, “साहेब, घरात उंदीर झाले की लोक मारायला माणूस बोलावतात, तुम्ही त्याला चाक आणून दिलंत.” त्यावरही तो मनापासून हसला होता. आता तो बादलीवर वाकून उभा होता. हे किती दिवस चाललं होतं? कितव्या संध्याकाळपासून तो एका परक्याला बी देत होता, साहेबाच्या कागाळ्या सांगत होता? आणि त्याला कळलं नव्हतं. ज्याच्या डोळ्यांवर घर चाललं त्याला पिवळ्या बल्बाखाली, हातभर अंतरावर, कळलं नव्हतं.

आज तो घरी होता तोही डोळ्यांमुळेच. कारखान्यात यंत्र आलं होतं. इस्त्रीएवढं, इस्त्रीसारखंच कापडावर टेकवायचं. टेकवलं की वरच्या काचेवर आकडा यायचा. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून ते दाखवलं, नमुन्यावर टेकवलं, ताग्यावर टेकवलं, आकडा वाचला आणि नवीन खेळणं मिळाल्यासारखे हसले. मग त्याला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. चहा दिला तेव्हाच त्याला समजायला हवं होतं. “तुमच्या रजा किती साठल्यात,” साहेब म्हणाले, “घेऊन टाका की दोन आठवडे. आराम करा. तुम्ही नसताना कसं चालतं ते जरा बघू या.” साहेब वाईट नव्हते. ते खरोखर त्याच्या रजेची काळजी करत असावेत. पण बाहेर येऊन करडा कोट खुंटीला लावताना ते वाक्य त्याच्या डोक्यात अडकून बसलं ते बसलंच. तुम्ही नसताना कसं चालतं. त्याने पेटीचा दिवा बंद केला, काच पुसली, आणि पुसायचं काही नव्हतं तरी परत एकदा पुसली.

गंमत म्हणजे घरात त्याला रंगातलं काही कळतं असं कुणी मानत नसे. त्याचे सगळे सदरे करडे. कामावर रंगीत कपडा घालून चालत नाही. अंगावरच्या रंगाचा उजेड कापडावर पडतो आणि डोळा फसतो. इतकी वर्षं करडं घालून त्याला दुसरं काही घालावंसंही वाटेनासं झालं होतं. बायको दुकानात म्हणायची, “यांना काय विचारता, यांना रंगच नाहीत.” दुकानदार हसायचा, तोही हसायचा. हॉलचे पडदे घ्यायचे ठरले तेव्हा मायलेकींनी दोन तास दहा ठिकाणी घासाघीस केली आणि शेवटी त्याच्यापुढे एक तुकडा धरून विचारलं, हा कसा? तो म्हणाला, चालेल. कुठे जायचं फिरायला? चालेल. आज जेवण बाहेरूनच मागवू या का? चालेल. हॅमस्टर आणला, मुलीने मांडीवर घेऊन नाव काढलं, शेठ, बाबा, शेठ कसं वाटतं? त्याच्या मनात दुसरंच नाव होतं, तेही फार चांगलं नव्हतं, पण होतं. तो म्हणाला, चालेल. कारखान्यात सबंध पाळीत हा शब्द तो एखाद-दोनदाच, नाइलाजाने, दातांखाली खडा आल्यासारखा उच्चारायचा. घरी मात्र दिवसभर त्याचीच जपमाळ. असं का व्हावं हे त्याने कधी शोधलं नाही. कामावर दिवसभर नाही म्हणून म्हणून थकलेला माणूस घरी येऊन परत नाही कुठून म्हणणार, असं काहीतरी असावं. किंवा त्याला भीती वाटत असावी. एकदा नाही म्हटलं की लोक विचारतात, मग काय हवंय? आणि त्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर तयार नसायचं.

पिंजरा धुऊन झाला. पिंजऱ्यातला जुना भुसा आणि धुतल्याचं गढूळ पाणी त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीत ओतलं, कोरफडीच्या बुंध्याशी. नवा भुसा पसरला. हॅमस्टरला आत सोडताना त्याने बोट पुढे केलं तर तो आक्रसून मागे झाला. शेठने कधी असं केलं नव्हतं. की केलं होतं, गेल्या काही दिवसांत, आणि त्याने लक्ष दिलं नव्हतं? पिंजरा बोळात न नेता त्याने गॅलरीतल्या स्टुलावर ठेवला आणि आत येऊन हॉलमध्ये बसला. कामाच्या दिवशी भर दुपारी घरात असण्याची त्याला सवय नव्हती. घर या वेळी वेगळंच दिसत होतं. पडदे सोफ्याशी मुळीच जमत नव्हते. एक हिरवा निळ्याकडे जात होता, दुसरा पिवळ्याकडे, आणि दोघांमध्ये बसून तो इतकी वर्षं टीव्ही बघत आला होता. भिंतीवर सूर्य सरकत होता तसतसे ठिकठिकाणचे डाग उजळत होते. फ्रिज मध्येच हुंदका दिल्यासारखा थांबला. या घराला दुपार असते आणि त्या दुपारी इथे काय काय होतं याचा आपल्याला पत्ताच नाही, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार एकटं वाटलं.

शेठ मेला असणार हे उघड होतं. एवढासा जीव, कधीतरी जायचाच. पण तो मेला, कुणीतरी त्याला बघितलं, उचललं, कुठेतरी नेलं, दुकानात जाऊन दुसरा आणला, पिंजऱ्यात सोडला, आणि संध्याकाळी तो आला तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं. जेवताना कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही. त्या दोघी एकमेकींशी बोलल्या असतील. दारं लावून बोलल्या असतील, बाबाला काय कळतंय म्हणून हसल्याही असतील. तो असा विचार करत गेला आणि मग त्याला मुलीचं गप्प असणं आठवलं. गेल्या महिन्यात तिची परीक्षा होती तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती. विचारलं तेवढं उत्तर. नजर फोनमध्ये नाहीतर जमिनीवर. आधी अशी नव्हती. आधी कामावरून आला की दार तीच उघडायची आणि त्याच्या बाहीला चिकटलेले दोरे उपटून त्यांचे रंग ओळखायची. त्याने बायकोला विचारलं तर ती म्हणाली होती, “वय आहे तिचं. तुमचं लक्ष आत्ता गेलं होय?” त्याने ते मान्य करून टाकलं होतं. मुलं मोठी होतात. बाप मागे पडतो. चालायचंच.

ती लहान असताना एकदा कारखान्यात आली होती. बायको तापाने फणफणली होती, पोरीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तो तिला घेऊन गेला. शेडच्या खोलीत भिंती करड्या, छत करडं, टेबल करडं; पोर रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. टेबलाखाली बसून तिने कात्रणांचे तीन ढीग लावले आणि त्याच्यासारखाच गंभीर चेहरा करून प्रत्येक तुकड्याला एकेक शब्द दिला. जुळतं. परत. चालेल. मध्येच थांबून तिने विचारलं होतं, “चालेल म्हणजे काय?” त्याने मास्तरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. “बाकीच्यांना कळत नाही?” “नाही.” “तुला कळतं?” “मला कळतं.” तिने मान हलवली, आणखी दोन तुकडे लावले आणि चालेलच्या ढिगावरच डोकं ठेवून झोपून गेली. त्या दिवशी त्याने मशीनवाल्यांना आवाज कमी करायला सांगितलं होतं आणि त्यांनी तो खरंच कमी केला होता. पोरीच्या आता हे लक्षातही नसेल. इतक्या लहानपणचं कुणाच्या लक्षात राहतं?

फोन वाजला तेव्हा तो दचकला. रंगारी होता, मशीनवर रंग घालणारा, त्याच्याच बरोबरीचा. “काय, चैन चाललीय ना?” रंगारी ओरडून बोलत होता, मागे मशीनं चालू होती. “पिंजरा धुतला,” तो म्हणाला. “कसला पिंजरा?” “काही नाही. तिकडे कसं चाललंय?” “चाललंय. इस्त्री फिरवतात आणि आकडा वाचतात. कालचा मरून रंगाचा माल सगळा पास झाला. मला विचारशील तर...” रंगारी थांबला. “मला विचारतंय कोण? बरं, रागवू नकोस, तुझ्या टेबलावर आता चहाची किटली ठेवतात. सपाट आहे ना.” दोघंही हसले. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, रंगाऱ्याला सांगायला हवं होतं. की माझ्याकडे एक जण बदलला आणि मला कळलं नाही. रंगारी चेष्टा करून मोकळा झाला असता, पण सांगायला हवं होतं. मग दुसरा विचार आला आणि तो सोफ्यावर नीट बसूनच राहिला. ते यंत्र हॅमस्टरच्या पाठीला टेकवलं असतं तर? त्याने पिवळा बल्ब बघितला नसता, ऊन बघितलं नसतं. सरळ आकडा दाखवला असता. पहिल्याच दिवशी. त्याने ठरवलं, आज विचारायचं. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मला का सांगितलं नाहीत एवढंच विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही.

मुलगी आधी आली. दप्तर टाकून आत जाता जाता तिची नजर बोळातल्या रिकाम्या कपाटावर पडली आणि ती थबकली. “पिंजरा कुठे गेला?”

“गॅलरीत आहे. धुतला मी.”

“उन्हात का ठेवलायस त्याला?” ती इतक्या घाईने गॅलरीत गेली की तिच्या हाताने पडदा कडीतून निघाला. पिंजरा उचलून तिने बोळात आणला आणि बल्ब लावला, बाहेर अजून चांगला उजेड असताना. हॅमस्टरकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते त्याच्याकडे, ओझरतं, चोरून. मग खोलीचं दार लागलं. म्हणजे हिला माहीत आहे, त्याने मनाशी म्हटलं. त्याला वाटलं होतं तसंच होतं.

बायको दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. दिवसभर लोकांना नंबर देऊन, रडणाऱ्या पोरांना गप्प करून ती घरी यायची तेव्हा तिला चहा होईपर्यंत कुणी काही विचारलेलं खपत नसे. तो चहा होईपर्यंत थांबला. कप तिच्या हातात गेल्यावर स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटून म्हणाला, “शेठ कधी गेला?”

तिने कप खाली ठेवला. आधी ती काय म्हणावं याचा अंदाज घेत राहिली, मग तिचे खांदे उतरले. “तुम्हाला कसं कळलं?”

“रंगावरून.”

“काय रंगावरून? सारखाच तर आहे. अर्धा तास उभी होते मी दुकानात. चार काढायला लावले त्याला.” मग ती हळू बोलायला लागली. “पहिल्या पेपरच्या दिवशी. तुम्ही निघून गेला होता, ती आंघोळीला गेली होती. बघते तर चाकाशेजारी पडलेला, गार. अहो, मी काय करणार होते? ती पेपरला गेली असती का? मी वरून भुसा लोटला आणि तिला म्हटलं झोपलाय, उठवू नकोस. मग दवाखान्यात उशीर होईल म्हणून कळवलं.”

“नेलास कुठे?”

“कुठे नेणार? इथेच. मोठ्या कुंडीत.” ती खिडकीबाहेर बघत होती. “हाताने उकरलं. दिवसभर नखांत माती होती, डॉक्टर म्हणाले काय झालं. म्हटलं, कुंड्या भरत होते.”

त्याला सकाळचं गढूळ पाणी आठवलं. कोरफडीच्या बुंध्याशी ओतलेलं.

“तिला अजून माहीत नाही,” बायको म्हणाली. “आता कळू देऊ नका. रडत बसेल.”

तिला माहीत आहे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ते त्याने गिळलं. एवढं सगळं एकटीने केलं होतं तिने. “मला तरी सांगायचं,” तो म्हणाला.

“तुम्हाला?” बायकोने त्याच्याकडे बघितलं. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. “तुम्हाला काय सांगायचं त्यात? तुम्ही तर त्याला उंदीर म्हणायचात.” आणि मग त्याच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक, तिने पुढे होऊन त्याच्या बाहीवर हात ठेवला. “आणि त्या दिवसांत तुमच्याकडे ते यंत्र येणार म्हणून चाललं होतं. जेवत नव्हता तुम्ही. म्हटलं, अजून एक कशाला? हा दिसायला छान आहे, खातोही चांगला. राहू दे ना हाच. चालेल ना?”

दिवसभर तयार केलेलं वाक्य त्याच्या तोंडात होतं. मी त्याच्याशी बोलायचो, हेही होतं. रोज संध्याकाळी, चपला काढताना. घरात त्याच्याशी सगळ्यात जास्त मी बोलायचो. हे बोलून दाखवलं असतं तर ते बायकोला कसं ऐकू गेलं असतं? तिने ऐकलं असतं, कदाचित तिच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं, पण मग तिच्या नखांतल्या मातीचं काय? तिचा हात अजून त्याच्या बाहीवर होता. “चालेल,” तो म्हणाला. बायकोने सुटकेचा श्वास सोडला, चहा उचलला आणि निवला म्हणून परत गॅसवर ठेवला.

तो बोळात आला. पिवळ्या बल्बाखाली हॅमस्टर अगदी शेठसारखा दिसत होता. तिथे कुणीही फसलं असतं, मास्तरसुद्धा, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण मास्तरने आधी दिवा विचारला असता. डबीतून त्याने एक बी काढली आणि ती बोटांत धरून नुसता उभा राहिला. द्यावीशी वाटेना. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष, हे त्याला कळत होतं. शेठबद्दल त्याला वाईट वाटत होतं, आणि आता एक महिन्याने वाईट वाटायला लागणं विचित्र वाटत होतं. शोक उरकून गेलेल्या घरात उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा तो तिथे उभा होता. मागे मुलीच्या खोलीचं दार उघडलं. तिला मैत्रिणीकडे जायचं होतं. ती बूट घेऊन कपाटाशेजारी खाली बसली. तो बाजूला सरकला.

नाडी सोडवता सोडवता, वर न बघता, ती अगदी हळू म्हणाली, “आईला सांगितलंस?”

“काय?”

“मला माहीत आहे ते.”

“नाही,” तो म्हणाला. “तू आणि ती बोलला नाहीत?”

“नाही. आईला वाटतं मला कळलंच नाही. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. शेठ आधी डावा गाल भरायचा. हा उजवा भरतो.” तिने बुटाचं तोंड ताणलं. “राहू दे. आईला बरं वाटतंय तर राहू दे. तूही काही बोलू नकोस.”

“नाही बोलणार.” मग त्याला राहवेना. “पण मला का नाही सांगितलंस?”

मुलीने नाक ओढलं. तिचा आवाज जाड झाला होता. “तुला काय सांगायचं? तूच तर आणलास.”

“मी?”

“इतका सारखा दुसरं कोण आणणार? आईला जमलं असतं का? ती घाईत काहीही उचलते. मी बघितलं आणि म्हटलं, हा बाबाने जुळवलाय. पेटी घेऊन गेला असेल दुकानात.” ती हसायला गेली पण तिला ते जमलं नाही. “शेठ मेला आणि तू बसून रंग जुळवलास. मला इतका राग आला ना तुझा. म्हटलं, एकदा तरी म्हणेल. रोज येतोस, त्याला बी देतोस, त्याच्याशी बोलतोस, जसं काही झालंच नाही. मला सगळं ऐकू येतं आतून.”

तो तिच्या डोक्याकडे, भांगाच्या वाकड्या रेषेकडे बघत राहिला. एक महिना. एक महिना ती दाराआड बसून ऐकत होती, आणि तो बाहेर एका परक्याला दिवसभराच्या गोष्टी सांगत होता. ती त्याला ढोंगी समजत होती. आणि तसं समजण्याचं कारण एवढंच होतं की या घरात एका माणसाचा त्याच्या डोळ्यांवर पूर्ण विश्वास होता. त्याला काय वाटलं ते त्याला एका शब्दात सांगता आलं नसतं. रडूही येत होतं आणि कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखंही वाटत होतं.

“मी नाही आणला,” तो म्हणाला. “मला आज कळलं. सकाळी. उन्हात.”

तिचे हात थांबले. “आज?”

“आज. इथे कळत नाही. या बल्बाखाली.” हे सांगताना त्याला लाज वाटली, पण त्याने सांगितलं. “मी आणला असता तर हा आणला नसता. हा लालीकडे आहे. शेठला खालून राखाडी होती.”

“हो,” ती म्हणाली. “पोटाजवळ.”

“पोटाजवळ,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज झाला. बायको गुणगुणत होती. बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती. पिंजऱ्यात चाक एकदा फिरलं आणि थांबलं. मुलीने स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला.

“मग आईला काय म्हणालास? हा ठेवायचा म्हणाली असेल ना ती?”

“म्हणाली.”

“मग?”

“म्हटलं, चालेल.”

तिने नाडीची अर्धी गाठ तशीच हातात धरली. मान वर केली आणि परीक्षेपासून पहिल्यांदाच त्याच्याकडे समोरून, नीट, पूर्ण बघितलं.

“म्हणजे जुळत नाही,” ती म्हणाली.